मामींच्या चादरी

आंधळगावात किंवा आसपासच्या गावात कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं की लोक कुठून तरी माझा नंबर मिळवतात आणि फोन करतात. मी डॉक्टर नाही. कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारा माणूस आहे. लोक आधी साबण कोणता, सोडा किती, पिवळे डाग कसे जातात ते विचारतात. मग जरा थांबतात. आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "भाऊ, तुमच्या घरची बुढी मारत होती का?"

हो, मारत होती. लाथेनं, बुक्कीनं, दातांनी, हाताला येईल त्या भांड्यानं. एकदा कातरीनंही. ज्यांना हा प्रश्न मोठ्यानं विचारता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. साबणाचंही सांगेन, पण ते सोपं आहे.

भिंतीपलीकडची बाई

माझ्या सासूबाईंचं नाव पार्वताबाई. मी त्यांना मामी म्हणतो. मी मूळचा कोंढ्याचा, शेतीवाल्या घरातला. लग्नानंतर सासऱ्यांनी मला मागावर बसवलं आणि मी आंधळगावचाच झालो. सासरे गेले. मेहुणा राजू सिहोऱ्याला राईस मिलमध्ये लागला आणि तिकडेच संसार मांडून राहिला. घरात उरलो मी, माझी बायको वैशाली आणि मामी. आमची मुलगी शिकायला बाहेर आहे.

वीसेक वर्षं मामींनी माझ्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरल्या. चरखा माझ्यापासून हातभर अंतरावर, मध्ये एक कुडाची भिंत. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चेहरा सरळ समोरून किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही. डोक्यावर पदर कायम. माझ्याशी बोलायचं तर वैशालीमार्फत. मी तिथेच बसलेलो असायचो आणि त्या म्हणायच्या, "वैशाली, जवायाले विचार, चहा ठेवू का." वैशाली हसून माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "ठेवा म्हणा."

त्यांना यात काही गंमत वाटत नव्हती. जावयासमोर सासूनं असंच राहायचं असतं, एवढंच.

चरखा थांबला तो दिवस

मी विणत होतो. पलीकडून चरख्याचा आवाज येत होता, तो बंद पडला. धागा तुटला असेल असं वाटलं. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर मामी एका कुशीवर पडल्या होत्या, तोंड वाकडं झालेलं, भरलेली कांडी मुठीतच. लुगडं ओलं झालं होतं. मला आधी वाटलं पाण्याचा लोटा सांडला.

वैशाली एसटीत कंडक्टर आहे, तुमसर डेपोला. ती ड्युटीवर होती. शेजारच्याची गाडी घेऊन मी मामींना भंडाऱ्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की मेंदूत रक्ताची गाठ आहे, उजवी बाजू गेली आहे. बोलणं हळूहळू परत येईल. लघवी-संडासाचा ताबा परत येईल की नाही, सांगता येत नाही.

मी मान हलवली. त्या वेळी मला वाटलं, जीव वाचला ना, बाकीचं काय. बाकीचं काय असतं ते घरी आल्यावर कळलं.

वैशालीनं मिळेल तेवढी रजा घेतली. तोवर सगळं तीच करत होती आणि मामी भिंतीकडे तोंड करून करू देत होत्या. रजा संपली. आम्ही एक बाई ठेवली. मामींनी तिच्या दंडाला असा चावा घेतला की ती परत आलीच नाही. दुसरी बाई तर गोष्ट ऐकूनच आली नाही. वैशाली पहिल्या गाडीनं जायची आणि दिवस मावळताना यायची. मधला सगळा दिवस माझा होता.

पहिला लोटा

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो. खोलीतून वास येत होता. मामींना कळत होतं. त्यांनी डाव्या हातानं गोधडी गळ्यापर्यंत ओढून धरली होती.

"वैशाली येऊ द्या," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत थेट माझ्याशी बोललेलं ते बहुतेक पहिलंच वाक्य असेल.

"वैशाली संध्याकाळी येईन, मामी. तोवर असंच राहिलं तर कंबर सडन."

"सडू द्या. सरका तिकडं. हात नोका लावू!"

मी गोधडी ओढली. त्यांनी पितळेचा लोटा उचलून माझ्या कानशिलावर मारला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी खाली बसलो, रक्त गालावरून मानेत उतरलं. आणि त्या वरून ओरडत होत्या, "माफ करा जवाई! जा ना तुमी! काहून ऐकून नाई राहिले?" असं म्हणता म्हणता त्यांनी मला लाथ मारली.

त्यांची एकच बाजू चालत होती, पण तिच्यात चरख्याची ताकद होती. रोज तेच व्हायचं. मी चादर काढायला गेलो की बोटं माझ्या केसांत जायची. ओली घडी मी कमरेखालून ओढायचो तेव्हा नखं मानेवर. घाण दोघांच्या अंगाला लागायची. एकदा त्यांनी भरल्या हातानं माझ्या तोंडावर मारलं. मी मागच्या अंगणात जाऊन ओकलो, तोंड धुतलं आणि परत गेलो, कारण काम अर्धंच झालं होतं.

मग चादरी घेऊन मागे दगडावर बसायचो आणि मोगरीनं धोपटायचो. धोपटताना मला चादर दिसत नव्हती. पाणी उडायचं, दगडाचा टवका निघायचा, हात दुखून यायचा तरी मी थांबत नव्हतो. एकदा मोगरीच मधून चिरली. वैशालीनं संध्याकाळी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तुमसरहून नवी आणली.

केवळरामची नाली

आमच्या मागच्या अंगणातलं पाणी नालीतून शेजारच्या केवळरामच्या दारावरून जातं. पूर्वी त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटू लागलं. आधी तो खाकरायचा, मग नाक धरून जायचा. एके दिवशी मी चादरी पिळून दोरीवर टाकत होतो तेव्हा तो आत आला.

"तुह्या सासूचं गू माह्या दारातून काहून वाहून राहिलं?"

"खड्डा करतो म्हटलं ना. दोन दिस दे."

"माह्या घरी लेकरं आहेत!"

त्यानं दोरी धरून एक हिसका दिला. धुतलेल्या सगळ्या चादरी चिखलात. त्यातली एक त्यानं पायानं नालीत लोटली. मी त्याचा गळा धरला. त्यानं माझ्या तोंडावर बुक्की मारली, ओठ दातावर फुटला. आम्ही दोघं त्या पाण्यात लोळलो. मी त्याचं डोकं नालीच्या काठावर दाबून धरलं होतं आणि तो माझ्या बरगडीत गुडघा मारत होता. बायका ओरडत होत्या. मधे पडायला कुणी धजत नव्हतं, कारण आम्ही दोघंही घाणीनं माखलो होतो.

तेवढ्यात वैशाली आली. खाकी कपड्यात, खांद्याला पैशाची पिशवी. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं, भिजवणीची बादली उचलली आणि केवळरामच्या अंगणात, तुळशीला वाचवून, सगळी ओतली.

"हे माह्या मायचं होय," ती म्हणाली. "तुह्या मायवर पाळी येईन तवा तूबी आणून ओत माह्या दारात. मी नाई बोलणार."

केवळराम उठला. तोंड पुसत घरात गेला. त्याच्या आईनं आतून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माग बंद ठेवला आणि परसात शोषखड्डा खणला. दगड, विटांचे तुकडे, वर वाळू. ते काम मी आधीच करायला हवं होतं. ज्यांच्या घरी हे दुखणं आलं असेल त्यांनी पहिल्या आठवड्यातच खड्डा करावा. केवळराम अजूनही बोलत नाही.

तुमी आणि तू

पावसाळा संपता संपता मामी बदलल्या. मार आधीही होता. पण आधी मारताना त्या मला 'जवाई' म्हणायच्या, 'तुमी' म्हणायच्या. लाथ मारून 'माफ करा' म्हणायच्या. आता त्या मला ओळखतच नव्हत्या.

"कोण होय रे तू? चोरा! मुडद्या! माह्या घरात कसा शिरलास?"

"मी घनश्याम, मामी."

"घनश्याम मेला!"

दिवसभर त्या अशा ओरडायच्या. छतावर माणसं बसली आहेत म्हणायच्या. वैशालीलाही त्यांनी थुंकून बाहेर काढलं. आम्हाला वाटलं, म्हातारपण आहे, मेंदूचा आजार आहे, असाच वाढत जाणार. वैशाली जेवताना एकदम म्हणाली, "माय गेली असती त्या दिवशी तर बरं झालं असतं." मग ताट सरकवून उठली. मलाही तसंच वाटत होतं.

त्यातच राजू सिहोऱ्याहून आला. आईच्या मनगटावरचे निळे वळ त्यानं पाहिले. ते माझ्याच बोटांचे होते. दात लागू नयेत म्हणून मी हात धरायचो, त्याचे. त्यानं काही विचारलं नाही. मागच्या खोलीत येऊन मला मानेला धरलं आणि मागावर आपटलं. चढवलेल्या ताण्याचे उभे धागे तटातट तुटले.

"माह्या मायले मारतोस? तिचंच खाऊन तिलेच मारतोस?"

त्यानं दोन-तीन ठोसे मारले. मी हात वर केला नाही. थकलो होतो, एवढंच.

वैशाली मधे आली. त्या दिवशी तिची सुट्टी होती. "ते मारत नाई, राजू, माय मारते! मायचे कपडे बदलायचे आहेत आता. तूच बदल. चाल. तुह्या हातानं बदल."

कातर

राजू मामींच्या खोलीत गेला. मला दारातून दिसत होतं. "माय, मी राजू," असं म्हणत त्यानं गोधडी धरली आणि मामी किंचाळायला लागल्या. त्यानं पाय धरला, त्यांनी त्याच्या छातीत लाथ घातली. तो मागे पडला. मी सवयीनं धावलो आणि वाकून त्यांचे खांदे धरले. तेव्हा उशीखालून त्यांचा हात निघाला. त्यात माझी मागावरची धागे कापायची कातर होती. खाटेजवळच्या खिडकीत ठेवलेली त्यांनी केव्हा घेतली, मला माहीत नाही.

कातर माझ्या डोळ्यावर आली होती. मी हात आडवा घातला म्हणून ती कोपराखाली शिरली आणि हाडाला लागून वळली. मामींनी ती ओढून काढली आणि पुन्हा उगारली. वैशालीनं त्यांचं मनगट खाटेच्या लाकडावर आपटलं तेव्हा कातर पडली.

पाच मिनिटांत राजूनं एक जुनं लुगडं फाडून मामींचे हात-पाय खाटेला बांधले. "आता असंच ठेवा," तो म्हणाला. "दुसरा इलाज नाई." वैशाली भिंतीला टेकून उभी होती, गाठी सोडायला ती पुढे आली नाही. म्हणजे तिलाही पटलं होतं.

मी हाताला धडपा गुंडाळला आणि खालची चादर ओढून मागे नेली. बांधलेलं माणूस आतून ओरडत असताना आपण काय करतो? मी चादर धुवायला घेतली. दुसरं काही सुचलं नाही.

गार पाण्यात बुडवली तर पाणी तांबूस झालं. माझं रक्त असेल म्हणून हात पाहिला. धडप्यातून रक्त झिरपलं नव्हतं. चादर पुन्हा उलगडली. लाल माझ्या बाजूला नव्हतं, लघवीच्या ओल्या चट्ट्याच्या मधोमध होतं, भोवती गढूळ पांढरं. आणि वास. रोजचा नव्हता, सडलेल्या मासळीसारखा होता. इतके दिवस मी तोंड फिरवून, श्वास धरून चादरी धूत होतो. त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली.

मी ती ओली चादर प्लास्टिकच्या थैलीत घातली आणि घरात आलो.

"गाडी बोलाव," मी राजूला म्हणालो. "मामींले दवाखान्यात न्यायचं आहे."

"तुह्या हाताले टाके पाहिजेत. माय कायले?"

"मामींले पहिले."

थैलीतली चादर

भंडाऱ्याला त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी हातापायाला गाडीतही तशाच ठेवलेल्या लुगड्याच्या गाठी पाहिल्या आणि नर्सला म्हणाल्या, "सोडा हे." राजू जमिनीकडे पाहत राहिला. मी थैली उघडून दाखवली. मला वाटलं त्या नाक दाबतील. त्यांनी चादर उजेडात धरली.

"हे किती दिवसांपासून?"

"माहीत नाई. आजच पाहिलं."

"आणि भ्रम? एकदम वाढला की हळूहळू?"

मी विचार करून सांगितलं, "मॅडम, पहिले मारताना मले 'तुमी' म्हणत होत्या. थोड्या दिवसांपासून 'तू' म्हणून राहिल्या."

त्या हसल्या नाहीत. मान हलवून लिहून घेतलं. लघवीच्या मार्गात मोठा जंतुसंसर्ग होता. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी तापच येत नाही, जळजळ सांगता येत नाही. एकदम वेड लागल्यासारखं होतं, माणसं ओळखू येत नाहीत, अंगावर धावून येतात. हे त्यांनी आम्हाला तिघांना बसवून सांगितलं. ओल्यात फार वेळ ठेवू नका, पाणी भरपूर पाजा, आणि असा अचानक बदल दिसला की लगेच घेऊन या. मी तेच पुढे सांगतो आहे.

माझ्या हाताला टाके पडले, मामींना सलाईन लागली. काही दिवसांनी सकाळी त्या डोळे उघडून इकडेतिकडे पाहू लागल्या. मी पायथ्याशी उभा होतो. त्यांनी डाव्या हातानं पदर चाचपला, डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, "वैशाली, जवायाच्या हाताले काय झालं, विचार."

वैशाली रडायलाच लागली.

"कातर लागली, मामी. मागाची," मी म्हणालो.

"माय, तूच मारली!" राजूच्या तोंडून निघून गेलं.

पाणी

घरी आल्यावर मामींचा मार थांबला. पण त्यांनी खाणं थांबवलं. चहा नको, पाणी नको. तोंड घट्ट मिटून भिंतीकडे. आम्हाला उशिरा कळलं: काही पोटात गेलं नाही तर काही बाहेर पडणार नाही आणि जावयाला हात लावावा लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. एवढ्या मारामारीत मी घाबरलो नव्हतो तेवढा आता घाबरलो. त्या मला मारत होत्या तोवर निदान जगत होत्या.

मी मागावर जाऊन बसलो, कुडाच्या भिंतीच्या माझ्या बाजूला. पलीकडे चरख्याच्या जागी आता मामींची खाट होती. धागा ओढत, तिकडे न पाहता बोललो.

"मामी, पाणी नाई पेलं तर पुन्हा तसंच होईन. पुन्हा मले ओळखसान नाई."

पलीकडून आवाज आला. "जवायानं सासूचं अंग पाहू नये. मले नरकातबी जागा नाई भेटणार."

"मी अंग नाई पाहिलं, मामी. मी चादरी पाहिल्या."

मी धोटा चालवत राहिलो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी तोंडावर पदर घेतो. तुमी बोलू नोका. गुपचूप करा आन् जा."

"बरं."

"आन् पाणी द्या."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. त्या पदर तोंडावर घेतात, मी काम करतो. कमरेपासून खाली एक स्वच्छ धडपा पांघरूण म्हणून ठेवतो, तो बाजूला न काढता त्याच्या आडून पुसतो. हे मला आधी सुचलं असतं तर किती मार वाचला असता, असं वैशाली म्हणते.

आता साबणाचं. घट्ट घाण आधी लाकडी पट्टीनं खरडून संडासात टाका. पहिलं पाणी गारच, गरम पाण्यानं डाग बसतो. मग सोडा आणि साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा. कोसा उकळायला आम्ही सोडा वापरतोच, तोच चालतो. नंतर कडक पाणी, आणि कडक ऊन. या कपड्यांची बादली वेगळी, हातात रबरी मोजे. गादीवर मेनकापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. आणि भिजत टाकण्याआधी प्रत्येक चादर उजेडात एकदा पाहा. कातर, विळा, पितळेची भांडी हाताच्या टप्प्यात ठेवू नका. माणसाला बांधू नका. तुमचा स्वतःचा हात उठायला लागला तर खोलीबाहेर या, चादर थोडा वेळ थांबू शकते.

दिवाळीत राजू आला. त्यानं माझ्या मागावरचा नवा ताणा पाहिला, हाताच्या वणाकडे पाहिलं, आणि मामींच्या खोलीत गेला. सकाळची वेळ होती. मी मोजे घालत होतो तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला, "माय, आज मी करतो. तू सरळ हो."

मग सणसणीत थप्पड बसल्याचा आवाज आला.

राजू गाल धरून बाहेर आला. त्याच्या मागून मामींचा आवाज, अगदी खणखणीत, मध्ये वैशाली नाही की कुणी नाही:

"जवाई, तुमी या. याले नाई जमत."